किलवार्नातला 'किल'

किलवार्ना या नावातला 'वार्ना' म्हणजे खिंड, याबद्दल आमच्या गावात दुमत नव्हतं. दोन टेकड्यांमधून वारा सरळ घरात घुसतो. वाद होता 'किल'चा. आयरिशमध्ये तो वनावरूनही येऊ शकतो आणि दफनभूमीवरूनही.

१९७४ च्या मार्चमध्ये नकाशा कचेरीतून ओ'ड्रिस्कॉल नावाचा माणूस गावोगावच्या नावांचे मूळ आयरिश अर्थ तपासत आमच्याकडे आला. मी इथला शाळामास्तर, म्हणून त्याला फिरवायचं काम माझ्याकडे आलं. पण शेतांची नावं ठाऊक होती ती मॅलकी टियर्नीला. सत्तरी उलटलेला हा शेतकरी काठी टेकत आमच्या पुढं चालला.

"हा घोड्यांचा मळा. घोडे गेले, चिखल राहिला. ही विधवेची पट्टी. कुठली विधवा ते विचारू नका, इथं कधी कमी नव्हत्या."

तळ्यापलीकडच्या उंचवट्यापाशी मात्र तो थांबला नाही. तिथं एक खुरटं काटेरी झाड होतं आणि गवतात मुठीएवढे पांढरे गोटे.

"याचं नाव?" ओ'ड्रिस्कॉलनं विचारलं.

"काही नाही."

नंतर आम्ही मॅलकीच्या घरी चहाला बसलो. त्याची बायको डिम्फ्ना पाव कापत होती.

"मग मी वनच लिहितो," ओ'ड्रिस्कॉल म्हणाला. "खिंडीतलं वन. ऐकायलाही बरं वाटतं."

"इथं वन कधी नव्हतंच," डिम्फ्ना म्हणाली. "सगळी दलदल. झाड मूळ धरणार कुठं?"

"डिम्फ्ना, जाऊ दे."

"छत्तीस वर्षं जाऊच दिलं की. तो उंचवटा किल्लीन आहे, साहेब. बाप्तिस्म्याआधी गेलेली बाळं तिथं पुरायचे. चर्चच्या आवारात त्यांना जागा नव्हती. गावाचं नाव त्यांच्यावरनं आहे. माझीही एक आहे तिथं."

मी वीस वर्षं या दोघांना ओळखत होतो. त्यांना मूल झालंच नाही, अशी माझी समजूत होती.

ती नवऱ्याकडे वळली. "लोण्याच्या खोक्यात घालून नेलंस तिला. कुठला दगड, ते सांगितलं नाहीस कधी."

"तू विचारलं नाहीस."

"आता विचारते."

मॅलकीनं कप बाजूला सारला. "मला माहीत नाही गं. दगड ठेवला होता. पुढच्या वर्षी गुरं शिरली, सगळे दगड विखुरले. मला ओळखता येईना. तुला कुठल्या तोंडानं सांगणार होतो?"

डिम्फ्नानं अंगात कोट चढवला. "चल."

भुरभुर पावसात दोघं गेली. आम्ही खिडकीतून पाहत होतो. मॅलकीनं काठीनं एक जागा दाखवली, मग दुसरी. ती दोन्हींच्या मधे चिखलात गुडघे टेकून बसली आणि तिनं एक गोटा मातीत घट्ट रोवला.

परत आल्यावर मॅलकीनं हळूच विचारलं, "नाव ठेवलं होतंस?"

"ऊना."

त्यानं ते नाव एकदा स्वतःशीच उच्चारलं आणि गाई बघायला निघून गेला.

ओ'ड्रिस्कॉलनं सगळं इमानानं लिहून नेलं. तरी दोन वर्षांनी गावाच्या पाटीवर आयरिशमध्ये 'खिंडीतलं वन' असंच आलं. मी पत्र धाडलं, त्याला उत्तर आलं नाही.

त्याच वर्षी हिवाळ्यात डिम्फ्ना गेली. तिला उंचवट्यावर पुरू द्या, असं मॅलकीनं फादरना विनवलं. ती जमीन पवित्र केलेली नाही, असं फादर म्हणाले. तिला दोन मैलांवर, चर्चच्या आवारात पुरलं.

परतताना मॅलकीनं मला विचारलं, "आणि मी मेल्यावर कुणाशेजारी जाऊ, मास्तर?"