मिठागराचा काटा

मालनच्या सासऱ्यांचं भातशेत बिल्डरकडे गेलं आणि त्याच शेतावर उभ्या राहिलेल्या इमारतीत मालन बाराव्या मजल्यावर राहायला आली. तेव्हापासून हातचं काम सुटलं आणि अंगही सुटलं. स्वयंपाकाला बाई, खाली जायला लिफ्ट. साधी भाजीची पिशवी उचलली तरी सून रुपाली म्हणायची, "आई, लोक काय म्हणतील?"

त्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये आरोग्य तपासणी होती. मालन काट्यावर चढली. शहाऐंशी किलो! रांगेतल्या बायका नको तितक्या आपुलकीने हळहळल्या.

दाराशी शकू उभी होती. मालनची लहानपणची मैत्रीण, आता टिटवाळ्याहून येऊन रोज याच इमारतीचे जिने झाडणारी. "तू पन चढ गो," म्हणत मालनने तिला हाताला धरून आणलं. काट्याने एकेचाळीस दाखवले.

"आजी, तुम्ही वजन कमी करा. मावशी, तुम्ही वाढवा," तरुण डॉक्टर शिवानी म्हणाली. दोघी त्रेसष्टच्याच, पण झाडूवालीला आजी कोण म्हणतो!

मालनला मिठागर आठवलं. पंधरा वर्षांच्या त्या दोघी एकदा मीठ तोलायच्या मोठ्या काट्याच्या दोन पारड्यांत बसल्या होत्या. दांडी जागची हलली नव्हती. "मूठभर मिठाचा बी फरक नाय!" मुकादम भिवा हसत म्हणाला होता. पायांच्या भेगांत मीठ चुरचुरायचं, तरी मालनला ते दिवस आजही परत हवेसे वाटायचे.

तिने आठवण काढली तशी शकू फिदीफिदी हसली. "आता माझं वजन पन तुझ्याच अंगावर चढलं गो!"

मालनही हसली, पण ते वाक्य दिवसभर तिच्या मनातून जाईना. तिला शेतवाल्या घरी दिली, शकूला बिनशेतीच्या. एवढाच काय तो फरक होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांदळाच्या दोन भाकरी आणि सुकट घेऊन मालन गुडघे धरत जिन्याने उतरली. शकू सातव्या मजल्यावर भेटली. दोघी पायरीवर टेकल्या.

मिठागरावर त्यांची रीत होती: एकीने भाकर मोडायची, दुसरीने आधी उचलायची. मोडायची नेहमी मालन. आजही तिनेच मोडली. एक तुकडा मोठा झाला. शकूने लहान उचलला.

"अगो, मोठा घे ना!"

"मी तवा पन धाकलाच घ्यायची," शकू सहज म्हणाली. "तुला भूक लय. तुझ्या कधी ध्यानातच नाय आलं."

मालनचे डोळे भरून आले. इतकी वर्षं ती त्या दिवसांची गोडी गात होती, आणि तेव्हाही वाटणी सारखी नव्हतीच. तिला फार लाज वाटली. दुसरी भाकर तिने शकूच्या हातात ठेवली.

"ही तू मोड."

शकूने मोडली. मालनने झटकन लहान तुकडा उचलला.

"डायट काय गो?" शकूने विचारलं.

"नाय," मालन म्हणाली. "उद्यापासून मोडायची तू."