उसवलेलं राहू द्या

सोफे-गाद्या शिवणारा आमचा कारागीर बायकोच्या बाबतीत जरा हळवाच. कपाट अंगावर पडून तिच्या नडगीचं हाड मोडलं, पायाला प्लॅस्टर लागलं, तेव्हा या पठ्ठ्याने दुकानातून स्वतः भरलेल्या तीन उशा दवाखान्यात आणल्या आणि तो पाय चांगला उंच चढवून ठेवला. सूज उतरते म्हणतात ना!

दुखणं मात्र वाढतच गेलं. इंजेक्शन दिलं तरी बायको दात-ओठ खात पडलेली. बाळंतपणातही जिने हूं की चूं केलं नाही, तिची ही गत! त्याचा जीव थाऱ्यावर राहीना. तो धावत जाऊन डॉक्टरबाईंना घेऊन आला.

डॉक्टरबाईंनी पायाचा अंगठा हळूच वर वाकवला.

"मेले!" बायको किंचाळली आणि नवऱ्याकडे वळली, "बघत काय बसलात मठ्ठासारखे?"

इतक्या वर्षांच्या संसारात चारचौघांत बोलणी खायची त्याची ही पहिलीच वेळ.

"आधी उशा काढा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "इतक्या उंचावर रक्त पोचायला जड जातं."

पाय छातीच्या पातळीला आला. प्लॅस्टर, आतली पट्टी, सगळं कापून मोकळं केलं. पण पोटरी टणकच, आणि अंगठा हलवला की पुन्हा तीच किंकाळी.

"बोटं तर गरम आहेत," कारागीर चाचरत म्हणाला.

"ती गार पडेपर्यंत थांबलो तर पाय हातचा जाईल. स्नायूंवरचं आवरण ताणलं जात नाही हो, आत सूज कोंडलीय. चिरा देऊन ते उघडायचं आणि काही दिवस उघडंच ठेवायचं."

"न शिवता?" फाटलेलं शिवण्यात त्याचा जन्म गेलेला. "माणसाला असं उसवून ठेवायचं?"

"खोळीत दुप्पट कापूस कोंबून तुम्ही वर टाके घालता का?"

डॉक्टरबाईंनी ऑपरेशनच्या संमतीचा कागद त्याच्यापुढे धरला. सही करायला मात्र त्याचा हात उचलेना.

"इकडे द्या तो कागद," बायको म्हणाली. "पाय माझा आहे."

ऑपरेशन होईपर्यंत तो बाहेर स्वतःला दूषणं देत बसला. बाहेर आल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "उशांनी भर घातली असेल, पण सूज काही त्यांनी आणली नाही. स्नायू जिवंत आहेत. बोलावलंत ते बरं केलंत."

दुसऱ्या दिवशी पाय जाड पट्टीत होता, नुसतं पाऊल बाहेर. त्याला कुणाच्याच सांगण्याने धीर येईना. त्याने भीतभीत तिच्या तळपायाच्या कडेला एक बोट लावलं.

"अहो, गुदगुल्या होतात!" तिने पायाची बोटं आखडून घेतली.

आणि तो बाप्या सगळ्या वॉर्डासमोर ढसाढसा रडला.