उमेयोचा भात

सत्यशीला घर सोडून गेली त्याला आता पाऊण वर्ष होईल. भांडण नाही, तमाशा नाही. "मला एकटीनं राहून बघायचंय," म्हणाली आणि धायरीला भाड्यानं फ्लॅट घेतला. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत मी सांगतो, बायको कादंबरी लिहायला गेलीय. लोक मान डोलावतात. पुण्यात कादंबरीच्या नावावर काहीही खपतं.

कादंबरी मात्र खरी आहे. चाकणच्या जपानी साहेबांची दुभाषी म्हणून उमेदीची वर्षं घालवल्यावर तिनं क्योटोतल्या जुन्या काळच्या गेइशांवर लिहायला घेतलं. प्रुफं मीच तपासतो, माझा व्यवसायच तो. नवरा सोडता येतो, चांगला मुद्रितशोधक सोडून कसं चालेल?

शेवटचं प्रकरण गेल्या आठवड्यात आलं. नायिका उमेयो नाच-गाणं, मैफली, सगळा व्यवसायच सोडते. तिकडची रीत अशी, की सोडून जाणारीनं गुरूंकडे, चहाघरांत, सगळ्यांकडे भाताचा डबा पाठवायचा. नुसता पांढरा भात असेल तर समजायचं, ही परत येणार नाही. त्यात थोडे लाल चवळीसारखे दाणे शिजवलेले असतील तर दार उघडं आहे. नाही जमलं बाहेर, तर येईल.

उमेयोच्या डब्यात लाल दाणे होते.

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग उठून चहा केला. इतके महिने मला काहीच वाटत नव्हतं. दात काढल्यावर गाल बधिर असतो तसा मी अख्खा झालो होतो. आता वाटलं. मूर्खासारखी आशा वाटली आणि मी ती जपलीही. पलंगावरची चादरसुद्धा बदलली.

पण काम ते काम. आदल्याच प्रकरणात उमेयोनं अंबाड्यासाठी वाढवलेले केस कापले होते, आपलं शामिसेन हे वाद्य एका शिकाऊ मुलीला देऊन टाकलं होतं. वाद्य देऊन टाकणारी बाई परतीची वाट कशाला ठेवेल? विसंगती होती. दुसऱ्या कुणाचं पुस्तक असतं तर डोळे झाकून खूण केली असती. इथे पेन्सिल धरून बसून राहिलो. सोडून दिलं असतं तर एकाही वाचकाला कळलं नसतं. मला कळलं असतं. शेवटी समासात लिहिलं, 'केस गेले, वाद्य गेलं, मग लाल दाणे का? हिला परत यायचंय का?'

रविवारी ती प्रुफं न्यायला आली. पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसली. पानं उलटत त्या खुणेपाशी आली आणि थांबली.

"हे लिहिलं तेव्हा माझंच काही ठरत नव्हतं," ती म्हणाली.

"आणि आता?"

तिनं समासातलं माझं अक्षर पुन्हा वाचलं. "तुमचं बरोबर आहे. नाही यायचं तिला. तुम्ही विचारेपर्यंत माझ्याच लक्षात आलं नव्हतं."

"मग लाल दाणे काढू?"

"काढा. तुम्हीच काढा, माझ्या खुणा चुकतात."

मी शब्द खोडले, समासात वगळण्याची खूण केली. खूण नेहमीसारखीच नेटकी आली, याचंच वाईट वाटलं.

ती पानं पिशवीत घालून उठली. दारात वळली. "अहो, तुम्ही नसतात तर ही चूक तशीच राहिली असती," अगदी मनापासून म्हणाली.

"राहिली असती," मी म्हणालो.