बाकावरचा तुकडा

“बाकावर बसायला देतात ना, तसलीच गादी हवी,” आत येत बाई म्हणाल्या.

दुकानदाराने हसून मान डोलावली आणि खिशातला फोन काढून आपली जाहिरात त्यांच्यापुढे धरली. तीत एक तरुणी पांढऱ्याशुभ्र गादीवर, जणू ढगावर निजावे तशी निजली होती.

“ही पाहून आलात ना?”

बाईंनी डोळे बारीक केले. “ही कोण? तुमची मुलगी?”

“जाहिरात आहे. सगळ्यांच्या फोनवर चालू आहे.”

“माझा फोन बटणांचा. त्यात मुलाचा आवाज येतो, तेवढं पुरे. मला त्या इस्पितळातल्या काकांनी सांगितलं. तांबड्या पट्ट्यांचा तुकडा घेऊन बसतात ते.”

फोन धरलेला दुकानदाराचा हात तसाच अधांतरी राहिला.

तांबड्या पट्ट्यांचा तुकडा या जगात एकच होता, आणि तो दाजींचा होता. दाजी म्हणजे दुकानदाराच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गादीचा उशीएवढा तुकडा काखेत घेऊन त्यांनी उभी हयात दारोदार फिरण्यात घालवली होती. वाक्चातुर्य त्यांच्यापाशी मुळीच नव्हते. कोणाच्याही घरी गेले, की खुर्चीवर तुकडा ठेवीत आणि म्हणत, “आधी बसा, मग बोलू.” बहुतेक वेळा बोलण्याची गरजच पडत नसे.

मग सूनबाईने फोनवर जाहिरात सुरू केली. पसंतीचे आकडे पावसाळी गवतासारखे वाढू लागले. दुकानदाराने फोन उघडावा आणि समोर आपलीच गादी दिसावी, असे नित्य घडू लागले. मनुष्य आरशात पाहतो आणि त्याला वाटते, की जग आपल्याकडे पाहत आहे. त्याच सुमारास दाजी उशिरा येऊ लागले, जिन्यावर मध्येच बसू लागले. हे वयाचे आणि कंटाळ्याचे लक्षण, असा निष्कर्ष दुकानदाराने काढला आणि एके दिवशी जिभेवर साखर ठेवून म्हणाला, “दाजी, आता फोनच दारोदार फिरतो. तुम्ही विश्रांती घ्या.”

दाजींनी पावतीपुस्तकाची पिशवी परत केली. फक्त विचारले, “हा तुकडा नेऊ का? जुना झालाय.”

तेव्हापासून ताईने भावाच्या घराचा उंबरठा ओलांडला नव्हता.

दुकान मात्र चालतच राहिले. अधूनमधून एखादे गिऱ्हाईक “काकांनी सांगितलं” असे म्हणे. परंतु जगात काकांना काय तोटा? त्या काकांनी जाहिरात पाहिली असेल, असे तो समजत आला होता.

बाई गेल्यावर त्याने गल्ल्यावर बसलेल्या सुनेला हाक मारली.

“सूनबाई, ही जाहिरात नक्की कोण बघतं गं?”

तिने फोन घेतला. बराच वेळ बोटाने वरखाली करीत राहिली. तिच्या चेहऱ्याचा रंग पालटत गेला.

“बाबा, तुम्ही ही रोज उघडता?”

“रोज. चहाच्या आधी. पसंतीचा लाल बदामही देतो.”

“आणि कोणाकोणाला सांगितलंत?”

“सगळ्यांना. माझे मामेभाऊ, तुझं माहेर. पलीकडच्या गादीवाल्यालाही सांगितलं. म्हटलं, जळू दे जरा.”

सूनबाईने फोन गल्ल्यावर ठेवला. “बाबा, जो उघडतो त्यालाच हे पुन्हा दाखवतं. मग त्याच्या ओळखीच्यांना, त्याच्यासारख्यांना. आपली जाहिरात आपलेच पाहुणे बघतायत. आणि गादीवाले.”

“आणि गिऱ्हाईक?”

“चुकूनमाकून कोणी बघितली असेल. मीच आधी बघायला हवं होतं. मी नुसते आकडेच मोजत बसले.”

“मग दुकान चाललंय कशावर?”

विचारता विचारताच त्याला तांबड्या पट्ट्यांचा तुकडा आठवला. आपलाच ढोल आपण बडवला, आपणच ऐकला आणि वर त्या तालावर स्वतःच्या दाजींना दाराबाहेर केले. तो चपला अडकवून तसाच निघाला.

इस्पितळाच्या लांबच लांब ओसरीत डायलिसिसच्या दारापाशी पत्र्याचा बाक होता. तांबड्या पट्ट्यांच्या तुकड्यावर एक म्हातारी पाय हलवीत बसली होती. शेजारी, उघड्या पत्र्यावर, दाजी होते. कोपराशी पट्टी, सदरा दुसऱ्याचा घातल्यासारखा सैल. रुग्णाला सोबत करणारे दाजी त्याने वाटभर डोळ्यांपुढे आणले होते. रुग्ण दाजीच असतील, हे त्याच्या स्वप्नातही आले नव्हते.

“दाजी.”

“ये. दुकान उघडं टाकून आलास?”

“सूनबाई आहे. हे केव्हापासून?”

“दुकानात होतो तेव्हापासून. जिने चढवत नव्हते ना, ते ह्यानंच.”

“मला सांगितलं का नाही?”

“तू म्हणालास विश्रांती घ्या. डॉक्टरही तेच म्हणत होते. म्हटलं, दोघांचं एकमत झालंय, आपण कशाला मध्ये तोंड घालायचं.”

“मी काढून टाकलं, तरी गिऱ्हाइकं पाठवत राहिलात.”

“मी कुणाला पाठवत नाही रे. बाक गार लागतो. बसा म्हणतो. मग लोकच विचारतात, कुठली गादी. खोटं कसं सांगू?”

“ताई येत नाही घरी.”

“ती रागावलीये.” दाजींनी क्षणभर त्याच्याकडे पाहिले. “मी नाही.”

दार उघडून परिचारिकेने हाक दिली. दाजी बाकाची कड धरून उठले. दुकानदाराने हात पुढे केला, तोवर ते दारापाशी पोहोचलेही होते.

“तुकड्यावर लक्ष ठेव,” ते वळून म्हणाले. “लोक चुकून घेऊन जातात.”

दार लागले. काही वेळाने म्हातारीला तिचा मुलगा न्यायला आला. उठताना तिने तुकडा थोपटला आणि दुकानदाराकडे सरकवला.

“बसा तुम्ही. आमच्या कमरेला फार बरं वाटलं हो. कुठल्या दुकानातला हा?”

दुकानाचे नाव त्याच्या ओठांवर आले आणि तिथेच थांबले.

“आत गेले ना आत्ता,” तो म्हणाला, “त्यांच्या.”

म्हातारी निघून गेली. दुकानदार उघड्या पत्र्यावर बसला. शेजारच्या तुकड्यावर पडलेला खळगा सावकाश वर येत होता. तो पुरता भरून आला, तरी दुकानदार त्यावर सरकला नाही.