निळी पळत का नाही

"शिट्टी मारत नाही, पळत नाही. जनावर आजारी आहे. बाजूला हो, नोमिन."

"नाही होणार. आजारी नाहीये ती, आजोबा. तशीच आहे."

"तशीच म्हणजे कशी?"

"तुमच्यासारखी. हट्टी."

लुव्सन आजोबांनी खांद्यावरची बंदूक काढली नाही, आणि नात तंबूच्या दारातून हटली नाही. मी त्याच दाराशी खुंटीला टांगलेली. मी काय बोलणार, मित्रांनो? मी एक जुनी चवरी आहे. देवावर ढाळतात ती नव्हे. मी मार्मोटला भुलवायची चवरी, पांढऱ्या याकच्या शेपटीची.

मार्मोट म्हणजे खारीच्या कुळातलं, पण गलेलठ्ठ बोक्याहून मोठं जनावर. सगळं कुटुंब एका बिळात राहतं. माणूस दिसला की शिट्टी मारतं आणि आत पळतं.

मला बनवलं आजोबांच्या वडिलांनी. राखेच्या पाण्यात धुऊन धुऊन पांढरीफेक केली, चामड्याच्या वादीनं काठीला बांधली आणि पोराच्या हातात दिली. पुढची चाळीस वर्षं नुसता नाच. आजोबा पांढरे कपडे घालायचे, सशासारख्या कानांची टोपी घालायचे आणि मला हलवत उघड्या माळावरून नाचत जायचे. लपायचं नाही, हीच तर युक्ती. मार्मोट बिळाच्या तोंडाशी दोन पायांवर उभा राहायचा, शिट्ट्यांवर शिट्ट्या मारायचा, पण माझ्यावरची नजर काढायचा नाही. मग बंदूक. लोक म्हणायचे, लुव्सनच्या चवरीत जादू आहे. मी फुशारायचे. आता सांगायला लाज वाटते.

मग शिकारीवर बंदी आली. मी धुरानं पिवळी पडले. एकदा तर सुनेनं माझ्यानं चूल झाडली. चूल! तो राग अजून गेलेला नाही.

तीन उन्हाळे झाले, नोमिन शिकायच्या कामासाठी शहरातून येते. मार्मोट पिंजऱ्यात पकडते, कानात रंगीत मणी अडकवते, सोडून देते. मग रोज सकाळी एकेकाच्या दिशेनं सावकाश चालत जाते. किती पावलांवर पळाला, ते वहीत लिहिते. मला वाटलं, पोरगी खुळी आहे. पण दुसरं कामच नव्हतं, म्हणून बघत बसले.

लाल मण्याची चाळीस पावलांवर पळायची. पहिल्या वर्षी चाळीस, तिसऱ्या वर्षीही चाळीस. निळ्या मण्याची मात्र पहिली दोन वर्षं आठ पावलांवर. सख्ख्या बहिणी. एकाच बिळात हिवाळ्याचे सहा-सात महिने अंगाला अंग लावून झोपणाऱ्या, एकच गवत खाणाऱ्या. माझा केस न् केस उभा राहिला. ह्यांना स्वभाव असतो, मित्रांनो. तुमचा वेगळा, तुमच्या बहिणीचा वेगळा, तसा. आणि मी इतकी वर्षं सगळ्यांना नुसतं 'मार्मोट' म्हणत आले होते.

यंदा निळी दोन पावलांवरही हलेना, शिट्टीही मारेना. आमच्या खोऱ्यात गप्प मार्मोट म्हणजे प्लेग. तो माणसांपर्यंत येतो. तंबूत सहा महिन्यांचा पणतू होता. आजोबांचं चुकत नव्हतं. पण निळी जिवानिशी जाणार होती.

"आजारी जनावर चवरीकडे बघत नाही, असं तुम्हीच सांगता ना?" नोमिन म्हणाली. "मग नाचून बघा."

"माझं वय बघितलंस?"

"बघितलं. गुडघेही बघितले. नाचा."

"आणि नाही बघितलं तिनं, तर?"

"तर मी बाजूला होते."

आजोबांनी टोपी शोधली. एक कान उंदरांनी खाल्लेला. "हसलीस तर बघ," असं दटावत त्यांनी बंदूक खुंटीला अडकवली आणि मला काढलं.

निळी ओढ्यापलीकडच्या उंचवट्यावर बसली होती. आम्ही शंभर पावलांवर आलो. ती बसलेलीच. साठ. बसलेलीच. मी जीव खाऊन हलत होते. मागे नोमिनची पेन्सिल थांबली होती. तेवढ्यात आजोबांचा गुडघा वाकला, मी आडवी फेकल्यासारखी गेले, आणि निळी ताडकन उभी राहिली.

असली शिट्टी मारली की समोरच्या डोंगरानं ती परत पाठवली. बाकी सगळे बिळात. एकटी निळी शेपूट उडवत उभी. मग तिनं एक पाऊल टाकलं. माझ्याकडे.

"मीच गाढव," नोमिन धापा टाकत आली. "तीन वर्षं हाच तपकिरी कोट. तिच्या लेखी मी दगड झालेय. दगडाला कोण शिट्टी मारतं?"

"कोट तर लालनंही बघितला. ती पळतेच की."

"तेच सांगतेय, आजोबा. ही तशीच आहे."

आजोबा गवतात बसले. बराच वेळ निळीकडे बघत राहिले. "चाळीस वर्षं मी ह्याच मारल्या," ते म्हणाले. "उभं राहून बघणाऱ्या. पळणाऱ्या तेवढ्या उरल्या. मला वाटायचं, मार्मोटची जातच भित्री."

हे मलाही तेव्हाच कळलं. मला बघायला जे थांबले, ते गेले. उरले त्यांनी मला नीट बघितलंच नाही.

म्हणून एवढंच मागते, मित्रांनो. एखादं जनावर वेगळं वागलं, तर लगेच काही ठरवू नका. लांब बसा, बघत राहा. एक दिवस पुरत नाही, एक वर्षही पुरत नाही.

निळीची चार पिल्लं आत्ताच बाहेर आली आहेत. तीन आम्हाला बघून आत पळाली. चौथं दोन पायांवर उभं राहायला बघतंय, पडतंय, पुन्हा उभं राहतंय. आजोबांनी मला उचललं; बंदूक तंबूतच आहे. निघायला हवं मला.