गुडघ्याखालचे बुडबुडे

"या पंपाला नेमका आजच खोकला यायचा होता," डॉक्टर रजब माझ्या कानाशी पुटपुटले.

पंप नळीतून खोटं रक्त फिरवत होता आणि त्यात मी मोजून बुडबुडे सोडले होते. डोळ्यांना न दिसणारे, पण अल्ट्रासाउंडला ओ देणारे. किती बुडबुड्यांचा किती आवाज, हे आधी नळीवर पक्कं करायचं. मग तेच बुडबुडे माणसाच्या रक्तात सोडायचे आणि आवाजावरून ओळखायचं, कुठे किती पोचले.

माणूस होता मिफ्ताह, दुपारचा नवरदेव. वरातीतले लोक हवेत बंदुका झाडत असताना त्याच्या मांडीत गोळी शिरली होती. रक्त थांबलं होतं, पण गुडघ्याखाली पाय गार पडत चालला होता. तिथे बुडबुडे पोचले, म्हणजे रक्त पोचत असलं, तर पाय वाचेल, नाहीतर कापायचा.

गोळी कुणाची, असं मी विचारलं की सोबतचे फरशीकडे बघत. बोलत होता फक्त थोरला भाऊ सनद, तोही खांद्यावर बंदूक ठेवून. "पुलापलीकडच्यांचं काम आहे. पाय गेला तर त्यांची गल्ली जाळतो."

मी बुडबुड्यांची पहिली सुई दिली. मांडीवर चांगला सुंसुं आवाज आला. पोटरीवर मात्र असेल-नसेल असा.

"मोठा कर की, मावशी! बहिरी आहेस का?"

"जोर वाढवला की बुडबुडे फुटतात, बाळा. मग असलेलेही नाहीसे—"

सनदने हात घालून बटण पार टोकाला फिरवलं. आवाज बंद पडला, यंत्राचा पडदा काळा झाला.

"मारलात! पाय मारलात तुम्ही!" सनद ओरडला.

त्याच्या बंदुकीचा दस्ता डॉक्टरांच्या तोंडावर बसला. दात फरशीवर घरंगळले. दुसरा तडाखा बरगड्यांवर. डॉक्टर पंपाच्या टेबलावर कोसळले, नळी तुटली आणि खोटं रक्त खऱ्यात मिसळलं. मी मध्ये पडले. माझ्या मनगटातून जो आवाज आला, तो ऐकायला यंत्र लागलं नाही.

बुडबुड्यांच्या औषधाची एकच कुपी उरली होती. तोंडाला फडकं दाबून डॉक्टरांनी ती हळूहळू सोडली. मी डाव्या हाताने यंत्र धरलं, जोर अगदी कमी ठेवून. मांडीवर बुडबुडे गर्दीने आले. पोटरीवर वाट बघितली. परत बघितली.

"अजून थोडं थांबू," डॉक्टर फडक्यातून म्हणाले.

बंदुकीची नळी माझ्या मानेला लागली. गरम होती अजून, की मलाच तसं वाटलं. "तू सांग, मावशी. पोचले?"

"नाही पोचले."

सनदने पंपाचं टेबल लाथेने उलथवलं आणि दाराकडे वळला. "गाड्या काढा रे! पुलावर चला. बायकापोरंसुद्धा सोडायची नाहीत."

बाहेर इंजिनं सुरू झाली. आतल्यांपैकी कुणीही मान वर केली नाही.

मिफ्ताह खाटेवर कोपर टेकून उठला. अंगावर अजून लग्नाचा जरीचा सदरा होता, कमरेपर्यंत भिजलेला.

"दादा, पुलावर कशाला जातोस? तू नाचत होतास, बंदूक खाली आली. मी तुझ्याकडेच बघत होतो. गोळी तुझी होती."