कुलुपात कोंडलेली बोली

मी एक जुनी, खणाखणांची लाकडी पेटी आहे, मित्रांनो. नाक मुरडू नका! सावंतवाडीच्या सुताराने मला घडवले, तेव्हा शेजारची रंगीत लाकडी केळी-आंबे माझा हेवा करत. त्यांच्या नशिबी काचेचे कपाट, माझ्या नशिबी काम!

मला मालवणजवळच्या शाळेत आणले पहिलीला शिकवणाऱ्या डोरथीबाईंनी. साल होते एकोणीसशे अठ्ठावन्न. पुस्तकी भाषा येत नसल्याने मुले वर्गात मूग गिळून बसत, याचे बाईंना फार वाईट वाटे. मुलांसाठी त्यांच्याच बोलीत पहिले पुस्तक करायचे, असे त्यांच्या मनाने घेतले. पुण्याला सुट्टीतल्या वर्गात त्या भाषा मोजायला शिकून आल्या होत्या. लोकांचे बोलणे चिठ्ठ्यांवर उतरवायचे, एकेका शब्दाला एकेक खण द्यायचा आणि कोणत्या शब्दामागून बहुतेक कोणता येतो ते मोजायचे.

पण गंमत बघा! लेखणी दिसली की आमची माणसे कचेरीत उभी राहिल्यासारखी बोलत. मासे सुकवणाऱ्या हौसाबाई म्हणाल्या, "मला पाणी हवे आहे." जन्मात कधी असे बोलल्या नसतील! माझे खण भरले, पण उसन्या शब्दांनी. डोरथीबाई रडकुंडीला आल्या.

इतक्यात कावळ्याने बांगडा उचलला. हौसाबाई कडाडल्या, "मेल्या, तुका आणि काय गावाक नाय? माझोच बांगडो दिसलो?"

"ह्याच व्हया माका, हौसाबाय!" बाई आनंदाने ओरडल्या.

"गाळी लिवतलंस? बाय माझे!"

तेव्हापासून बाईंनी लेखणी लपवली. हौसाबाईंबरोबर मासे खारवता खारवता ऐकायचे आणि घरी जाऊन लिहायचे. 'पाणी' म्हटले की पुढे काय येते? 'व्हया' म्हणजे हवे, 'हाड' म्हणजे आण, नाहीतर 'घाल'. माझे पोट खऱ्या शब्दांनी भरले. काय सुख होते ते!

पण आमचे हेडमास्तर परशुराम गुरुजी यांनी चिठ्ठ्या वाचल्या मात्र, त्यांचे पित्त खवळले. "हे गावंढळ बोलणे शाळेत शिकवायचे?" त्यांनी मला कुलूप घातले. बाईंची बदली शिरोड्याला झाली. पुस्तक राहिले ते राहिलेच.

या गोष्टीला वर्षे लोटली. मी अडगळीत कोंडलेली आहे. खाऱ्या हवेने लाकूड फुगले, चिठ्ठ्यांना बुरशी धरली. भिंतीपलीकडे पहिलीचा वर्ग भरतो. आज एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, माका पाणी व्हया."

"'मला' म्हण, 'मला'!" वर्गाचे गुरुजी खेकसले.

ती तहानलेली पोर पाणी न पिताच बसून राहिली. तिचे सगळे शब्द माझ्या पोटात, आणि मी कुलुपात! जीव तुटतो हो.

मित्रांनो, मीसुद्धा तुमच्यासमोर शाळेचीच भाषा बोलले. भीती, दुसरे काय! आता मात्र राहवत नाही. माका उघडा रे! ता चेडू अजून तानलेलाच आसा.